दाढेवरची झिर्कोनियाची कॅप : हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

रूट कॅनाल झालेल्या माझ्या खालच्या दाढेवर झिर्कोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या अतिशय कठीण सिरॅमिकची, कॅप बसवून घेतली ती ग्वाल्हेरच्या ऐन थंडीत. आता पावसाळा सरत आला असताना तिच्याविषयी थोड्या भरवशाने लिहिता येते. जुन्या चांदीच्या भरावाशेजारी दाढेचा कोपरा तुटला होता. कीड आणि रूट कॅनाल यांत आतला बराच भाग गेला की उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाने चिरू शकतात, म्हणून अशा दाढेला सर्व बाजूंनी झाकणारी कॅप लागते.

धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप स्वस्त पडली असती. परंतु मला झोपेत दात खाण्याची सवय आहे आणि तशा कॅपवरच्या पोर्सिलेनचा टवका उडू शकतो. अखंड झिर्कोनियाला वेगळा थरच नसतो. धातूच्या कॅपची काळसर कड हिरडीपाशी दिसते, हा आक्षेप मागच्या दाढेबाबत मला गौण वाटतो. तिथे पाहणार कोण?

दाढ घासून माप दिल्यानंतर मधल्या काळात तात्पुरती कॅप असते. ती पुढे काढायची असल्यामुळे मुद्दामच कच्च्या सिमेंटने चिकटवतात, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी गजक, म्हणजे तीळ-गुळाची मिठाई, आलेली असूनही मला तिच्याकडे नुसते पाहावे लागले.

सर्वांत जास्त लक्ष चाव्याकडे, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात याकडे, द्यावे. कायमची कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन उंच राहिलेला भाग घासतात, पण इंजेक्शनने जबडा सुन्न असेल तर चावा नेमका कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोळी चावताना माझी तीच दाढ आधी टेकू लागली. ‘होईल सवय’ हा घरच्यांचा सल्ला न मानता मी ती पुन्हा घासून आणि आग्रहाने गुळगुळीत करून घेतली, कारण खरखरीत राहिलेले झिर्कोनिया समोरच्या दाढेचे इनॅमल झिजवते.

आता भाकरी, भाजलेले दाणे निर्धास्त चावता येतात. अख्खी सुपारी मात्र मी त्या बाजूला नेत नाही. शेजारच्या फटीत पालेभाजीचे तंतू अडकतात, म्हणून रोज रात्री फ्लॉस फिरवावा लागतो. कॅपला कीड लागत नाही, पण हिरडीलगत ती जिथे दाताला मिळते तिथे लागू शकते, आणि नस काढलेली दाढ ठणकून तसे कळवत नाही. त्यामुळे अधूनमधून एक्स-रे काढून ती कड तपासून घेणार आहे. कॅप काढायची वेळ आलीच, तर झिर्कोनिया कापणे डॉक्टरांना बरेच कष्टाचे जाते.