टोरोंटोचे हॉकी हॉल ऑफ फेम: फ्रँक कॅल्डर शोधायला जाताना

यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची बँक ऑफ मॉन्ट्रियलची १८८५ची नक्षीदार इमारत दिसली की पाय आपोआप तिच्याच दाराकडे वळतात. आइस हॉकीच्या या संग्रहालयाचा प्रवेश मात्र शेजारच्या ब्रुकफील्ड प्लेसमधून, खालच्या कॉन्कोर्सवरून आहे. युनियन स्टेशनपासून 'पाथ'च्या भुयारी वाटेने आलात तर थंडीत बाहेर पडावेही लागत नाही.

खाली पक (आइस हॉकीतली चपटी चकती) मारण्याचे खेळ आहेत. मुले तिथून हलत नाहीत, म्हणून इतिहासासाठी आलेल्यांनी आधी वरचा ग्रेट हॉल गाठावा. ४५ फूट उंचीचा रंगीत काचांचा घुमट आणि त्याखाली मांडलेले चषक, तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक लीगचा विजेतेपदाचा स्टॅन्ली कप उन्हाळ्यात विजेत्या खेळाडूंबरोबर फिरतीवर असतो. तेव्हा त्याच्या जागी प्रतिकृती ठेवतात, हे आधीच माहीत असलेले बरे. या कपाचे १८९२चे मूळ चांदीचे भांडे मात्र बँकेच्या जुन्या तिजोरीत असते. ते चुकवू नका.

आता कॅल्डर, म्हणजे एनएचएलचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची नवोदितांची ट्रॉफी इथे आहे, पण ती त्यांनी विकत घेतलेली नव्हे. १९३६-३७ पासून कॅल्डर दरवर्षी नवी ट्रॉफी घेत आणि ती विजेत्याला कायमची देऊन टाकत. पहिली सिल ॲप्सला मिळाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते वारले, त्यानंतर लीगने ही फिरती स्मृतिट्रॉफी सुरू केली. सन्मानितांमध्ये त्यांचे नाव १९४७च्या 'बिल्डर' गटात, म्हणजे खेळ उभा करणाऱ्यांमध्ये, शोधावे.

चषक आणि नामफलक पाहून हा माणूस उमगत नाही, ही या भेटीतली खरी उणीव. ब्रिस्टलमध्ये जन्मलेला, शिक्षकी आणि क्रीडा पत्रकारिता केलेला हा गृहस्थ नॅशनल हॉकी असोसिएशन (एनएचए) या जुन्या लीगचा सचिव होता. टोरोंटो संघाचे मालक एडी लिव्हिंगस्टोन यांना वगळण्यासाठी बाकीच्या मालकांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात एनएचएल काढली आणि अध्यक्षपद कॅल्डर यांच्याकडे गेले. ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९२५ मध्ये हंगामातले सामने २४ वरून ३० झाले म्हणून हॅमिल्टन संघाच्या खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर जास्त मागितले. संघ गुणतक्त्यात पहिला असूनही कॅल्डर यांनी सगळ्यांना निलंबित केले आणि वर दंडही तेवढाच, २०० डॉलर. हॅमिल्टनला एनएचएल संघ पुन्हा मिळालेला नाही. एवढे वाचून गेलात तरच त्या ट्रॉफीसमोर दोन मिनिटे थांबावेसे वाटेल.