साडेतीन तासांचे बाइक फिट आणि १५५ मिलिमीटरचे सॅडल

मी गेली सहा वर्षे पुण्यात सायकल चालवते. पहिली चार वर्षे हायब्रिड सायकलवर खडकवासला, सिंहगड पायथा आणि क्वचित पानशेत एवढाच माझा आवाका होता, आणि तेवढ्या अंतरात बसण्याचा त्रास झाला तरी घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली की तो विसरायला होत असे. दोन वर्षांपूर्वी रोड बाइक, म्हणजे वाकलेल्या हँडलची वेगवान सायकल घेतली, अंतरे वाढली आणि त्रास विसरण्यासारखा राहिला नाही. सॅडलचे, म्हणजे सायकलच्या सीटचे टोक जिथे टेकते त्या नाजूक भागाला साठ किलोमीटरनंतर बधिरपणा येई, मग जळजळ सुरू होई आणि घरी आल्यावर उजव्या भगोष्ठावर सूज दिसे. आपल्याकडे हे बोलताना ‘तिथे दुखते’ यापलीकडे कोणी जात नाही, आणि नेमके कुठे दुखते हे न सांगता ते दुरुस्त होत नाही. म्हणून या परीक्षणात मी थोडे स्पष्ट लिहिणार आहे. ज्या स्टुडिओत फिटिंग करून घेतले त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला परीक्षण करायचे आहे ते त्या पाटीचे नव्हे, बाइक फिट, म्हणजे सायकल चालवणाऱ्याच्या अंगमापाप्रमाणे बसवून देणाऱ्या या सेवेचे.

सायकल घेतली त्या दुकानात मी हा त्रास दोनदा सांगितला. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : “मॅडम, नवीन सीट आहे, महिनाभरात सवय होईल.” दुसऱ्या खेपेला सोबत जेलचे जाडजूड सीट कव्हरही मिळाले, आणि त्याने त्रास कमी होण्याऐवजी वाढला. त्याचे कारण मला पुढे फिटिंगच्या वेळी कळले. आपण सायकलवर बसतो ते ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर, म्हणजे बैठकीच्या हाडांवर. गादी फार मऊ असली की ही दोन हाडे तिच्यात रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि जिथे अजिबात दाब नको तिथेच दाबतो. दिवाणखान्यातल्या सोफ्याला लावायचा न्याय सॅडलला लावता येत नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला निघाले, तेव्हा हा सगळा हिशेब चुकता झाला. या राइडला साडेतेरा तासांची मुदत असते आणि माझ्या पायांत तेवढे बळ निश्चित होते. खंबाटकी घाट मी चांगल्या वेळात चढले. परंतु उतारानंतर सुरूरच्या फाट्यापर्यंत मी जवळजवळ उभ्यानेच पॅडल मारत होते, कारण बसणे शक्य नव्हते. तिथल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात कातडी सोलल्याचे पाहिले, चहा घेतला आणि पुण्याकडे परतणाऱ्या एका टेम्पोत सायकल टाकली. पाय ताजे असताना राइड सोडण्याची चीड वेगळीच असते.

त्यानंतर मी बाइक फिटची वेळ घेतली. शुल्क साडेसहा हजार रुपये आणि वेळ साडेतीन तास. पहिला पाऊण तास सायकलला हातही लागला नाही. किती वर्षे चालवता, आठवड्याला किती किलोमीटर, जुनी दुखापत कोणती, हात बधिर होतात का, मान धरते का, असे प्रश्न झाले. नंतर टेबलावर झोपवून मांडीचे मागचे स्नायू किती ताणले जातात आणि दोन्ही पायांच्या लांबीत फरक आहे का, हे तपासले गेले. मग बैठकीच्या हाडांचे माप घेतले, आणि ते घेण्याचे साधन पाहून मला हसू आले. एका ठेंगण्या लाकडी बाकावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवलेला होता. त्यावर बसायचे, टाचा किंचित उचलायच्या, पुढे वाकायचे आणि उठायचे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले. फिटरने त्यांच्या मध्यबिंदूंवर पेन्सिलने फुल्या मारल्या आणि पट्टी लावली : १२९ मिलिमीटर. हाडांना दोन्ही बाजूंनी आधार मिळावा म्हणून या मापात साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर मिळवून सॅडलची रुंदी काढतात. माझ्या सायकलवर आलेले सॅडल १४३ मिलिमीटरचे होते, म्हणजे हाडे त्याच्या उतरत्या कडांवर टेकत होती आणि शरीराचा भार मधल्या मऊ भागाने पेलला होता. बायकांच्या ओटीपोटाची रचना सरासरीने रुंद असते हे खरे आहे. मात्र सडपातळ बाईची हाडे रुंद आणि धिप्पाड पुरुषाची अरुंद असू शकतात, त्यामुळे डब्यावरचे ‘लेडीज’ हे लेबल पाहून सॅडल घेण्यापेक्षा हा पुठ्ठा अधिक विश्वासाचा. हे माप घरीही घेता येते.

सॅडलच्या रुंदीने अर्धाच उलगडा झाला. उरलेला अर्धा उलगडा सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पॅडल मारण्याच्या स्टँडवर) चढवल्यानंतर झाला आणि मला या सेवेचे खरे मोल तिथे वाटते. घोटा, गुडघा, खुबा, खांदा आणि कोपर यांवर ठिपके चिकटवले गेले, बाजूने कॅमेरा लावला गेला आणि मी वीस मिनिटे पॅडल मारल्यानंतर फिटरने चित्रीकरण थांबवून मला माझीच मूर्ती दाखवली. पॅडल खाली जाताना माझा पाय जवळजवळ सरळ होत होता. त्या क्षणी गुडघ्याचा वाक पंचवीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असावा असा साधारण संकेत आहे. माझा एकवीस होता. खाली पोहोचण्यासाठी कंबर दर फेऱ्याला उजवीकडे कलत होती आणि सूज नेमकी उजव्या बाजूलाच येत होती. ग्रेग लेमाँड या विजेत्या सायकलपटूच्या नावाने ओळखले जाणारे एक जुने सूत्र आहे : पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या (पॅडल जोडलेल्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची. माझ्या ७३ सेंटिमीटरना ते ६४.५ सांगते. दुकानाने सॅडल ६६.८वर बसवले होते. फिटरने ते टप्प्याटप्प्याने उतरवून ६५वर आणले आणि गुडघ्याचा वाक तीस अंशांवर आला. सूत्राचा आकडा आरंभापुरता, शेवटचा शब्द चालत्या पायाचा, असे त्याचे म्हणणे होते आणि मला ते पटले.

यापेक्षा महत्त्वाची बाब होती हँडलपर्यंतच्या अंतराची. माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि सायकलचे स्टेम, म्हणजे हँडल सांगाड्याला जोडणारा आडवा तुकडा, १०० मिलिमीटरचे. तेवढे लांब पोहोचण्यासाठी मी नकळत सॅडलच्या टोकाकडे सरकत होते, कंबर पुढे कलत होती आणि बैठकीची हाडे उचलली जाऊन सगळा भार पुढच्या भागावर येत होता. थोडक्यात, दुखत होते सॅडलवर, पण त्याचे मूळ हँडलमध्ये होते. अशा स्थितीत जगातले सर्वांत महाग सॅडलही उपयोगी पडले नसते, कारण मी त्याच्या रुंद भागावर बसलेच नसते. दुकानाने अंतर कमी करण्यासाठी सॅडल त्याच्या खालच्या रुळांवर पुढे ढकलले होते आणि त्यामुळे तळहातांवर भार येऊन बोटे बधिर होत होती. फिटरने सॅडल आठ मिलिमीटर मागे घेतले, ८० मिलिमीटरचे स्टेम लावले, त्याखाली एक स्पेसर (उंची वाढवणारी चकती) वाढवला आणि ४२ सेंटिमीटरच्या जागी ३८ सेंटिमीटर रुंदीचे हँडल सुचवले. ब्रेकचे लिव्हर हँडलच्या जवळ आणणारा एक छोटा स्क्रू असतो, हे मला दोन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तो फिरवल्यावर माझी बोटे प्रथमच न ताणता ब्रेकवर बसली.

लांब सायकल आणि आखूड बाई हे दुखणे काही आजचे नाही. जॉर्जिना टेरी या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी १९८५मध्ये स्त्रियांसाठी सायकली बनवणारी स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या सायकलींचे पुढचे चाक २४ इंची आणि मागचे नेहमीच्या आकाराचे असे, आणि सांगाड्याची वरची नळी आखूड करता यावी एवढ्यासाठी ही तडजोड होती. त्यांना जे चाळीस वर्षांपूर्वी सुचले, ते आमच्या दुकानदाराला अजून सुचायचे आहे.

सॅडलचा कलही बदलला. माझ्या सॅडलचे टोक किंचित वर होते. फोनवरचे लेव्हल दाखवणारे ॲप ठेवून ते दीड अंश खाली घेतले. बोटाच्या पेराएवढाही न दिसणारा हा बदल जळजळीवर सर्वांत लवकर लागू पडला. स्पर्धांमध्ये या कलावर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे बंधन असते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी ब्रिटिश सायकलिंगच्या वैद्यकीय पथकाने महिला संघाच्या जखमांचा शल्यचिकित्सक आणि स्त्रीआरोग्याच्या तज्ज्ञांसह अभ्यास केला, तेव्हा त्यांनी कलाचा नियम सैल करण्याची मागणी लावून धरली आणि तो सैल झाला. त्याच पथकाने खेळाडूंना त्या भागातले केस पूर्णपणे न काढण्याचा सल्ला दिला, कारण घर्षणापासून कातडीचे रक्षण करणारा तो नैसर्गिक थर आहे. ऑलिंपिकमधील खेळाडूंचेही तेच हाल होत असतील, तर आम्हाला ‘सवय होईल’ म्हणण्याचा अधिकार कोणाला नसावा.

सॅडल निवडण्यासाठी स्टुडिओ अनामत रक्कम घेऊन चाचणीची सॅडल प्रत्येकी आठवडाभर घरी देतो आणि या सेवेतील ही सर्वांत शहाणपणाची सोय आहे, कारण दुकानात दहा मिनिटे बसून सॅडल कळत नाही. ते पन्नासाव्या किलोमीटरला कळते. मी तीन वापरली. पहिल्यात मधोमध मोठी खाच होती. पुष्कळ बायकांना ती मानवते, मला मात्र सुजेचा भाग तिच्या कडांवर घासला जाऊन रेघ उमटली. दुसरे कातडी सॅडल होते. ते वापरून वापरून अंगाच्या आकाराला येते, पण तेवढी वाट पाहण्याइतकी शाबूत कातडी माझ्यापाशी उरली नव्हती. तिसरे स्पेशलाइज्ड कंपनीचे पॉवर, मिमिक प्रकारातले, १५५ मिलिमीटरचे. २०१८मध्ये आलेल्या या प्रकारात मधली जागा उघडी न ठेवता वेगवेगळ्या मऊपणाच्या थरांनी भरलेली असते, त्यामुळे दाब तर येत नाही आणि घासायला कडाही राहत नाही. त्याचे नाक आखूड असल्याने पुढे झुकल्यावर टोचत नाही. हाताला ते चांगलेच टणक लागते, आणि पहिले तीन दिवस बैठकीची हाडे दुखली. हे दुखणे योग्य जागचे होते आणि चौथ्या राइडला थांबले.

आता उणिवा. साडेतीन तासांत मला एकही स्त्री कर्मचारी भेटली नाही. फिटर कामात तरबेज आणि वागण्यात सभ्य होता, हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारत होता, परंतु दुखण्याच्या जागेचा विषय आला की तोही “खालच्या भागाला” यावर थांबे. शेवटी मीच कागदावर चित्र काढून बोट ठेवले. असे छापील चित्र सुरुवातीच्या प्रश्नावलीतच असायला काय हरकत आहे? बाळंतपणात टाके पडले होते का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. माझे टाके उजवीकडे आहेत आणि त्या व्रणाची कातडी कमी लवचीक असल्याने तिथे लवकर सोलवटते, हे नंतर माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एका मिनिटात सांगितले. रजोनिवृत्तीनंतर त्या भागातील त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हा पन्नाशीच्या आसपासच्या ग्राहकांसाठी हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. कपडे बदलण्याची जागा म्हणजे टायरांच्या चळतीमागची एक फळी होती. साडेसहा हजार घेणाऱ्यांकडून कडी असलेल्या दाराची अपेक्षा गैर नाही.

चड्डीबद्दल मात्र फिटरने स्पष्ट सांगितले, हे नमूद केले पाहिजे. पॅडची सायकलिंग शॉर्ट्स अंगालगत घालायची, तिच्या आत दुसरे काही नाही. आतल्या शिवणीच घासतात. राइड संपताच ती बदलायची आणि धुतल्याशिवाय पुन्हा घालायची नाही. पाळीच्या दिवसांतला सॅनिटरी पॅड आणि शॉर्ट्सचा पॅड यांचे मिळून काय होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. मी मासिक पाळीचा कप वापरू लागले तेव्हापासून ते दिवसही इतर दिवसांसारखे जातात.

स्टेम, हँडल, नवी टेप आणि मजुरी यांचे वेगळे साडेचार हजार झाले. सॅडलला त्याहून बरेच अधिक लागले. महिन्याच्या आत एकदा पुन्हा दाखवण्याचे शुल्क नव्हते, आणि त्या खेपेला सॅडल आणखी तीन मिलिमीटर उतरले. सगळी मापे लिहिलेला दोन पानी अहवाल मिळतो. सायकल बसमधून नेताना सीट पोस्ट (सॅडलखालची नळी) काढावी लागते, म्हणून मी उंचीच्या खुणेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

फेब्रुवारीत तीच २०० किलोमीटरची राइड बारा तास दहा मिनिटांत पुरी केली. सुरूरला त्याच हॉटेलात चहा घेतला, या वेळी बसून. एकशे साठनंतर थोडा बधिरपणा आलाच. दर पंधरा मिनिटांनी वीसेक पॅडल उभ्याने मारली की तो ओसरे. सूज आली नाही. फिटरने अहवालात १७०ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक सुचवला आहे, म्हणजे पॅडल वर येताना मांडी पोटाशी कमी दाबली जाईल आणि कंबर आणखी स्थिर राहील. तो अजून बसवलेला नाही. या वर्षी ३०० किलोमीटरला नाव दिले, तर आधी तेवढे पैसे बाजूला काढीन.