के६७, के४७, सीके१२ आणि माझा ‘स’: काही महिने वापरल्यानंतर

मी वाचलेल्या ऑडिओबुकचा अख्खा अध्याय परत आला, शेरा एकच: ‘स टोचतोय.’ खर्चाला सुरुवात तिथून झाली.

माइक नेहमीचाच. चिनी सांगाडा, ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट, आत ३४ मिमीची कॅप्सूल, म्हणजे आवाज झेलणारी चकती; नॉयमन या जर्मन कंपनीच्या के६७ ची नक्कल. पहिले काही आठवडे मला तो उजळ आवाज आवडायचा, शब्द सुटे सुटे ऐकू यायचे. तासभर सलग ऐकलं की मात्र कानात सुया. मराठी वाचणाऱ्याला यातून सुटकाही नाही. श, ष, स आहेतच, वर ‘चमचा’, ‘चटणी’, ‘झाडू’ यांतले दंततालव्य च-झ. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक फटकारा. डी-एसर (स-श दाबणारं सॉफ्टवेअर) जोरात लावला की मी बोबडी होते.

म्हणून के४७ छाप मागवली. घराणं मोठं आहे: नॉयमनचा यू४७ माइक १९४९ साली आला तेव्हा त्यात पीव्हीसीच्या पडद्याची एम७ कॅप्सूल होती, ते पीव्हीसी वर्षानुवर्षांनी कडक होतं, म्हणून पुढे मायलरची (पॉलिएस्टरच्या पातळ पडद्याची) के४७ आली. माझी अर्थातच नक्कल, पण बांधणी तीच, दोन पडद्यांत मिळून एकच बॅकप्लेट, म्हणजे पडद्यामागची धातूची चकती. आवाज भरला, स मुकाट मागे गेला. मी खूश. इथेच थांबले असते तर पैसे वाचले असते.

पण ‘हवेशीर’ आवाजाचं वर्णन वाचून सीके१२ छापही घेतली. मधला स्क्रू नाही, तार कडेला. एकेजी या ऑस्ट्रियन कंपनीच्या १९५३ च्या सी१२ माइकमधली मूळ पितळी कॅप्सूल बनवायला भयंकर किचकट. त्या नावाने स्वस्तात जे मिळतं त्यातलं बरंचसं फक्त कडेच्या तारेपुरतं सीके१२ असतं. माझ्या आवाजाला ती किरटी लागली. परत करायला गेले तर विक्रेता म्हणे, ‘मॅडम, सोल्डरिंग झालंय, आता परत नाही.’ सोल्डर न करता कॅप्सूल ऐकायची कशी, हे विचारल्यावर उत्तरं येणं बंद.

खरी गंमत यानंतर. नॉयमनच्या १९६० च्या यू६७ माइकमध्ये के६७ ची वरची पट्टी, जिथे स-श बसतात ती, मुद्दाम चढी ठेवलेली आहे आणि सर्किट तीच पट्टी खाली आणतं, म्हणजे व्हॉल्व्हची खरखरही सोबत दबते. त्यांच्याच यू८७ मध्येही सर्किट हे काम करतं. स्वस्त माइकवाल्यांनी कॅप्सूल उचलली, सर्किटचा हा भाग सोडून दिला! निम्मा हिशेब उतरवलाय आणि बदनामी कॅप्सूलची.

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून वडापावपेक्षा स्वस्त कपॅसिटर आणला आणि सर्किटमधल्या जेएफईटीच्या (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल घेणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये जोडला. तो वरची पट्टी खाली आणतो. दोन-तीन किमती लावून पाहिल्या, कारण जास्त झाला की आवाजावर गोधडी पडते. जुनी के६७ परत बसवली. स जागेवर! ‘चटणी’ आता चटणी वाटते.

त्यामुळे के४७ बद्दलचं मतही थोडं उतरलं. तिची भरलेली मधली पट्टी माझ्या खोलीतला डबा-डबा आवाजही उचलून धरते. गाद्या लावलेल्या चांगल्या खोलीत तीच जिंकेल, आणि बारीक आवाजाच्या वाचकांना मी अजूनही तीच सांगेन. मी मात्र के६७ वर आहे.

पावसाळ्यात तडतड सुरू झाली तर लगेच नवी कॅप्सूल मागवू नका. जेएफईटीच्या गेट या पायापाशी गिगाओहमचा, म्हणजे प्रचंड रोधाचा मामला असतो, तिथे बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळेसारखा पदार्थ) ओल धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला, माझी तडतड थांबली. पडद्याला मात्र बोट लावू नका, फुंकरही नको. माइक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

सीके१२ छाप विकायची आहे. तारा लांब ठेवल्यात, पडदे स्वच्छ. घेतली त्याच्या निम्म्या किमतीत देईन, घासाघीस नको. सोल्डरिंग झालेलं आहे, हे आधीच सांगते.