खोली खरी होती, देणारा खोटा होता

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्राच्या लहान शहरांतून अनेक विद्यार्थी उन्हाळी वर्गांसाठी आणि संशोधन प्रकल्पांसाठी मुंबईत येतात. पवई, कुलाबा, माटुंगा, कालिना, मानखुर्द या भागांतील संस्थांत हे वर्ग भरतात, पण निवड झालेल्या प्रत्येकाला वसतिगृहात जागा मिळतेच असे नाही. ज्यांना ती मिळत नाही, त्यांना महिना-दीड महिन्यासाठी बाहेर राहण्याची सोय पाहावी लागते. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी लातूरहून अशाच एका वर्गासाठी पवईला गेल्या आणि राहण्याच्या जागेच्या व्यवहारात तिघींचे मिळून ६३,००० रुपये गेले. हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे, कारण ‘आधी खोली पाहा, मग पैसे द्या’ हा सल्ला, जो सगळेच देतात, तो आम्ही पूर्णपणे पाळला होता. आमच्या घरच्या माणसाने खोली प्रत्यक्ष पाहिली होती, नळ सोडून पाणी पाहिले होते, खिडक्यांच्या ग्रिल हलवून पाहिल्या होत्या, आणि तरीही फसवणूक झाली.

थोड्या मुदतीची जागा मुंबईत मिळणे अवघड का आहे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीला वाव तिथूनच मिळतो. मुंबईतील भाड्याचा बहुतेक व्यवहार अकरा महिन्यांच्या हिशेबाने चालतो. एजंटाची दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते, त्यामुळे दीड महिन्यासाठी घर मागणाऱ्याशी बोलण्यात त्याला आणि घरमालकाला फारसा रस नसतो. चांगल्या पीजींमध्ये किमान तीन महिने राहण्याची अट घातली जाते, आणि महिलांसाठीच्या नावाजलेल्या वसतिगृहांत उन्हाळ्यात जागा शिल्लक नसते. निवडीची यादी लागते आणि वर्ग सुरू होतो, यांमधला काळ थोडा असतो. परगावच्या पालकाला वारंवार मुंबईला येऊन घरे पाहणे शक्य नसते. या अडचणींची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस नेमक्या त्याच वेळी पुढे येतो.

निवड झालेल्या मुलामुलींनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला होता आणि त्याची लिंक बऱ्याच ठिकाणी फिरली होती. त्या ग्रुपवर एका क्रमांकावरून, ‘मी मागच्या वर्षी याच वर्गाला होते,’ असे सांगणारी एक मुलगी बोलू लागली. पवईला जायला कांजूरमार्ग स्थानकावर उतरणे सोयीचे, डबा कुठे चांगला मिळतो, पावसाळा सुरू झाल्यावर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किती वेळ मोडतो, अशी तिची सगळी माहिती बरोबर होती. खोलीविषयी तिने आपणहून एक शब्दही काढला नाही. इतरांनी विचारल्यावरच तिने चांदिवलीतील एका टू बीएचके सदनिकेचा उल्लेख केला आणि ‘मालक काकांचा’ क्रमांक दिला. अशी कोणी विद्यार्थिनी त्या वर्गाला नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले.

फोनवरचा गृहस्थ शांत आणि नम्र होता, मराठी स्वच्छ बोलत होता. आपण पुण्याला असतो, घर रिकामे पडून राहू नये म्हणून फक्त शिकणाऱ्या मुलींना देतो, असे त्याने सांगितले. दर महिन्याला माणशी ११,००० रुपये भाडे आणि माणशी १०,००० रुपये डिपॉझिट ही रक्कम त्या भागातील दरापेक्षा किंचित कमी होती, पण संशय यावा इतकी कमी नव्हती. अतिशय स्वस्त जागा, सैन्यात असल्याचे सांगणारा मालक, ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ अशी सूचना, या जुन्या क्लृप्त्या आता बहुतेकांना ठाऊक झाल्या आहेत. इथे त्यांतली एकही नव्हती. उलट, ‘ताई, खोली बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका,’ असे तोच मला बजावून सांगत होता.

मुलीचे मामा डोंबिवलीला राहतात. ते रविवारी चांदिवलीला गेले. गेटवर वॉचमनने वहीत नाव, वेळ आणि सदनिकेचा क्रमांक लिहून घेतला आणि त्यांना वर सोडले. फोनवरच्या त्या गृहस्थाने खिशातून किल्ली काढून दार उघडले, दोन्ही खोल्या दाखवल्या आणि गीझर लावून दाखवला. मामांनी व्हिडिओ कॉल करून मलाही घर दाखवले. वीजबिल आणि आधार कार्ड दोन्ही त्याने मोबाईलवर दाखवले आणि दोन्हींवर तो सांगत होता तेच नाव होते. मामा तिथे असतानाच आणखी एक वडील आणि मुलगी खोली पाहायला आली, त्यामुळे जागा हातची जाईल अशी भीती वाटू लागली. ते वडीलही आमच्यासारखेच फसले, हे नंतर समजले.

मामांनी कराराचा विषय काढला. त्यावर, ‘दीड महिन्यासाठी कोण करार करतं? करार अकरा महिन्यांचा असतो, तुमचं तर पीजी आहे,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मुंबईत इतके सर्रास दिले जाते की ते खरेच वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीने) देण्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीला यातून सूट आहे, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. पेइंग गेस्टची गोष्ट वेगळी आहे, पण कायद्याच्या दृष्टीने पेइंग गेस्ट म्हणजे, देणारा स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा काही भाग ज्याला राहायला दिला आहे, अशी घरातील नसलेली व्यक्ती. मालक पुण्यात आणि तीन मुली चांदिवलीच्या बंद सदनिकेत, या व्यवस्थेला पीजी म्हणता येत नाही. खर्चाची सबबही टिकत नाही. लीव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. तीन मुलींनी वाटून घेतल्यास हा भार अगदी किरकोळ आहे.

पैसे यूपीआयने दिले गेले. रक्कम भरताना पडद्यावर जे नाव आले, ते मालकाच्या नावापेक्षा वेगळे होते. ‘ते माझ्या भावाचं खातं आहे, सोसायटीचा मेंटेनन्स त्यातूनच भरतो,’ असा खुलासा त्याने विचारण्याआधीच केला. पैसे पोहोचताच त्याने मामांना सही केलेली पावती आणि दाराची किल्ली दिली. किल्ली हातात आल्यावर व्यवहार पूर्ण झाला, असे कोणालाही वाटेल. त्या किल्लीची किंमत कुठल्याही किल्लीवाल्याकडे जेवढी असते तेवढीच होती.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिघी मुली लातूर एक्स्प्रेसने मुंबईत उतरल्या आणि मामांसोबत चांदिवलीला पोहोचल्या. किल्ली कुलपात फिरली, पण दार आतून कडी लावलेले होते. बेल वाजवल्यावर सुटीसाठी मुंबई पाहायला आलेल्या एका कुटुंबाने दार उघडले. त्यांनी ती सदनिका रोजच्या भाड्याने रीतसर घेतली होती. खाली आल्यावर वॉचमनच्या केबिनजवळ आणखी काही मुली बॅगा घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात त्याच सदनिकेची किल्ली होती आणि त्याच सहीची पावती होती. त्यांतली एक मुलगी पहिल्यांदाच घर सोडून एकटी आली होती आणि वडिलांना फोन करण्याचे तिला धैर्य होत नव्हते. तो दिवस आठवला की पैशांपेक्षा मला त्या मुलीबद्दलच जास्त वाईट वाटते आणि असे करणाऱ्या माणसांविषयी मनात राग उरतो.

हे कसे घडवले गेले, ते सोसायटीच्या सेक्रेटरींशी आणि खऱ्या मालकीणबाईंशी बोलल्यावर उलगडले. ती सदनिका पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने दिली जाते. त्या माणसाने ती पाहुणा म्हणून थोड्या दिवसांसाठी घेतली, किल्लीच्या नकला करून घेतल्या आणि त्या दिवसांत तो मालक असल्यासारखा लोकांना घर दाखवत राहिला. नवनवे पाहुणे येण्याची सवय असल्यामुळे वॉचमनला त्यात वावगे दिसले नाही. मोबाईलवर दाखवलेले बिल आणि आधार कार्ड हे बदल केलेले फोटो होते. मालकीणबाई परदेशी होत्या आणि आपल्या घराच्या नावावर काय चालले आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

म्हणजे घर पाहिल्याने घर अस्तित्वात आहे, एवढेच सिद्ध होते. ते देण्याचा अधिकार समोरच्या माणसाला आहे की नाही, याचे उत्तर घराच्या आत मिळत नाही. ते सोसायटीच्या कार्यालयात मिळते. आपली सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाला सोसायटीला कळवावे लागते, आणि सोसायटी त्याच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचे शुल्क) घेऊ शकते. त्यामुळे कोणत्या सदनिकेचा मालक कोण आणि तिथे भाडेकरू कोण, ही माहिती सेक्रेटरी किंवा मॅनेजर यांच्याकडे असते. मुलींना घेऊन पालक आले आहेत आणि अमुक क्रमांकाच्या सदनिकेचे मालक हेच का, एवढे विचारायचे आहे, असे सांगितले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते. हा प्रश्न समोरच्या माणसाला सोबत घेऊनच विचारावा, कारण खरा मालक कार्यालयात यायला तयार होतो आणि खोटा माणूस तिथे येण्याचे टाळतो. वीजबिल आणि मेंटेनन्सची पावती मूळ कागदावर मागावी. सूची क्रमांक दोनची, म्हणजे घराच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मालकाकडे बहुधा असते, तीही पाहावी.

नोंदणीबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते आणि आधारच्या आधारे दोन्ही बाजूंच्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो. तिथे मालकी हक्काची चौकशी होत नाही, त्यामुळे नोंदणी म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. मात्र भामट्याला आपला खरा अंगठा आणि खरे नाव सरकारी नोंदीत ठेवावे लागते, आणि तेवढ्यासाठीच तो नोंदणीला सहसा तयार होत नाही. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक असते आणि ती ऑनलाइन भरता येते. ती माझ्यासमोर भरा, असे आपण म्हणू शकतो.

तक्रारीबद्दल जे समजले ते असे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी पैसे पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी अडवले जाण्याची शक्यता वाढते. आमची रक्कम पहिल्या खात्यातून लगेच पुढे गेली होती, त्यामुळे तिचा थोडाच भाग एका खात्यात अडवला गेला आणि तो अजून परत मिळालेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँक नुकसान भरून देईल, अशी आशा काहींनी दाखवली होती. ते परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते. इथे पिन आपण स्वतः टाकलेला होता, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला, ‘पैसे लातूरच्या खात्यातून गेले, तिकडे तक्रार करा,’ असे सांगण्यात आले. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मामांनी ती शांतपणे निदर्शनास आणून दिल्यावर तक्रार घेतली गेली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ड लागते. पावती, चॅट, व्यवहाराचा क्रमांक आणि वॉचमनच्या वहीतील नोंदीचा फोटो, हे सगळे सोबत न्यावे. ही वही पुढे महत्त्वाची ठरली, कारण कोण कोण खोली पाहायला आले होते, हे तिच्यावरूनच कळले.

मुली सुरुवातीला डोंबिवलीला मामांकडे राहिल्या आणि लोकलने कांजूरमार्गपर्यंत ये-जा करत होत्या. नंतर कांजूरमार्गलाच एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी त्यांची सोय झाली. त्या बाई स्वतः त्याच घरात राहतात. त्यांनी न विचारता आपले शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) समोर ठेवले आणि मुलींची नावे सोसायटीच्या कार्यालयात नेऊन दिली.

त्या चांदिवलीच्या सदनिकेसाठी पैसे दिलेल्या सगळ्यांनी अजून तक्रार केलेली नाही. काही पालकांना रक्कम लहान वाटते, काहींना मुलीचे नाव पोलिसांत जायला नको आहे. खात्यात अडवलेल्या रकमेवर दावा करायचा असेल तर आपली तक्रार नोंदवलेली असावी लागते, म्हणून ज्यांच्याकडे त्या सहीची पावती आहे, त्यांनी १९३० वर कळवून आपला व्यवहार क्रमांक नोंदवावा आणि आधीच्या तक्रारीचा उल्लेख त्यात करावा.