अंबरनाथ की बदलापूर?

मुंबईच्या कर्जत लाइनवर घर बघणाऱ्याची यादी दोन-तीन रविवारांत याच दोन नावांवर येऊन थांबते. मधलं अंतर सात-आठ किलोमीटर, तालुका एकच, पाणी बरंचसं एकाच नदीचं. दोन्ही गावं १९८३ साली कल्याण महापालिकेत गेली आणि १९९२ साली बाहेर पडून त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. त्यामुळे एजंट दोन्हींबद्दल तेच तेच बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चौरस फुटाचा भाव बघावा नि मोकळं व्हावं. मी अंबरनाथ घेतलं, त्यामुळे माझा काटा थोडा तिकडे झुकलेला दिसेल. बदलापूर घेणारा चुकला, असं मात्र मी म्हणणार नाही.

सुरुवात नदीपासून करू. उल्हास नदी घाटातून उतरते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरच्या पश्चिमेला वळसा घालते आणि अंबरनाथला बाजूला ठेवून कल्याणकडे निघून जाते. ती उन्हाळ्यातही वाहती राहते, कारण टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून (१९२२ सालचं) सुटणारं आंध्र धरणाचं पाणी तिच्यात येतं. बदलापूरच्या बॅरेजमधून (नदीवरच्या बंधाऱ्यातून) हेच पाणी उचललं जातं, खरवईला शुद्ध होतं आणि जीवन प्राधिकरण ते बदलापूरला आणि अंबरनाथच्या मोठ्या भागाला देतं. म्हणजे बदलापूरला पंप बंद पडला की अंबरनाथचेही नळ कोरडे. अंबरनाथला त्याशिवाय चिखलोली धरणाचं आणि एमआयडीसीचं थोडं पाणी मिळतं. पण ‘आमच्याकडे पाण्याचा प्रश्नच नाही’ असं दोन्हीकडचा कोणी म्हणाला तर सोसायटीची टँकरची बिलं मागा. मार्च ते मे या तीन महिन्यांची पुरतात.

पुराच्या बाबतीत मात्र दोन गावांत मोठा फरक आहे. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, बॅरेज रोड या बाजूला फ्लॅट बघत असाल तर आधी निळी रेषा आणि लाल रेषा समजून घ्या. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डरचा नकाशा पुरत नाही. नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून सर्व्हे नंबर टाकून भागनकाशा घ्या आणि इमारत रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते लेखी विचारा. निळ्या रेषेच्या आत असेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते, बँकही कर्जाला खळखळ करते. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. पावसाळ्यात हे आकडे तिथे पाठ असतात.

कागद हातात येईपर्यंत डोळ्यांनी बघून घ्यावं. तळमजल्याच्या भिंतीला कमरेपर्यंत वेगळा रंग किंवा नवा गिलावा आहे का? विजेचे मीटर पार्किंगच्या भिंतीवर छातीच्या उंचीला आहेत की पहिल्या मजल्यावर हलवलेत? मीटर हलवलेले दिसले तर फार काही विचारायची गरज नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला गव्हाची पोती जमिनीवर ठेवतो की फळीवर, तेही बघा. दुकानदार पुराबद्दल खोटं बोलला तरी पोती खोटं बोलत नाहीत.

नावाचीही एक गंमत आहे. घाटावर जाणारे इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण स्टेशन आहे ते कुळगावात, आणि मूळ बदलापूर गाव तिथून दोनेक किलोमीटर पश्चिमेला, नदीकडे. जाहिरातीत ‘बदलापूर गावात’ असेल तर ते स्टेशनजवळ नाही आणि नदीजवळ आहे, असं धरून चालावं. कुळगाव, कात्रप ही पूर्वेची बाजू उंचावर आहे, तिथे पुराची काळजी जवळपास नाही.

अंबरनाथला उल्हासचा पूर नाही, पण वालधुनी आहे. ती काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. तिथे रेल्वेचं जुनं जीआयपी धरण आहे, आणि त्या टोकाला पाणी अगदी स्वच्छ. शिवमंदिराच्या मागे पोचेपर्यंत तिचा नाला होतो. ज्या देवळाच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल, कोरलंय आणि ज्याच्या भिंतीवर हाताएवढीही जागा शिल्पाविना नाही, त्याच्या पायाशी ही अशी नदी. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि घर घेणाऱ्याला याचा थेट संबंध येतो. हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. देवळाजवळची जुनी चार मजली इमारत स्वस्त मिळत असेल तर कारण बहुधा हेच. महाशिवरात्रीला तिकडच्या रस्त्यावर गाडी काढायचा विचारही करू नये.

अंबरनाथचा दुसरा सापळा जमिनीच्या कागदात असतो. काही जुन्या प्लॉट सोसायट्या सरकारने दिलेल्या जमिनीवर आहेत. मालमत्तापत्रकावर किंवा सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ (म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली जमीन) दिसलं की थांबा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेलं जुनं हस्तांतरण म्हणजे शर्तभंग, आणि तो नियमित करायची रक्कम शेवटी जो हातात चावी घेतो त्याच्या गळ्यात पडते. पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भिंतीलगत असाल तर संरक्षण खात्याच्या ना-हरकतीचाही विषय निघू शकतो. बदलापुरात हे दोन्ही प्रश्न क्वचित येतात. तिथे बहुतेक जमीन शेतीची बिनशेती झालेली, तेव्हा एनए आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितलं की बरंच काम होतं.

आता हवा. इथे अंबरनाथची बाजू पडते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. आनंदनगर एमआयडीसी पूर्वेला आहे. दिवसा वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि धूर डोंगराकडे नेतो. रात्री वारा पडतो किंवा उलटा फिरतो, आणि हिवाळ्यात थंड हवेचा थर खाली बसला की कारखान्यांतून सुटलेला वायू गावावर झाकणासारखा पसरतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरानंतर कुजक्या कोबीसारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास येतो, खिडक्या लावाव्या लागतात. म्हणून पालेगाव किंवा बी-केबिन रोडकडचं घर रविवारी सकाळी अकरा वाजता बघू नका. थंडीतल्या एखाद्या साध्या वारी रात्री अकराला जा, दोन-तीनदा जा. बदलापूर पूर्वेलाही खरवई-माणकिवलीकडे कारखाने आहेत, तिथेही वास येतो, पण माझ्या नाकाला तो कमी वेळा जाणवला. घरात दम्याचा पेशंट असेल तर पुढचं काही न वाचता बदलापूर बघा, तेही कारखान्यांपासून लांबच्या बाजूला.

लोकसंख्येचे आकडे २०११ चे आहेत, त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. तरी दोन गावांचा स्वभाव त्यातून कळतो. अंबरनाथ २००१ साली २,०३,८०४ होतं, २०११ ला २,५३,४७५ झालं. कुळगाव-बदलापूर त्याच दहा वर्षांत ९७,९४८ वरून १,७४,२२६ वर गेलं. म्हणजे अंबरनाथ पाव पटीने वाढलं आणि बदलापूर पाऊणपटीपेक्षाही जास्त. अंबरनाथ आधी कारखान्यांचं गाव होतं, विम्कोची आगपेटी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या वसाहतींभोवती वाढलेलं. विम्को नाका हे नाव अजून चालतं. तिथले बरेच लोक पूर्वापार तिथेच काम करणारे. बदलापूर वाढलं ते डोंबिवली-ठाण्यात परवडलं नाही म्हणून पुढे सरकलेल्या लोकांवर. त्यांची नोकरी मुंबईत आणि घर इथे. जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या जांभळांच्या झाडांच्या जागी टॉवर उभे राहत होते.

याचा परिणाम घरावर असा दिसतो. त्याच पैशात बदलापूरला इमारत नवी मिळते, लिफ्ट आणि पार्किंग असतं, एखादी खोलीही जास्त येते. अंबरनाथला स्टेशनजवळ तेवढ्यात तीस वर्षांची, लिफ्ट नसलेली इमारत हाती लागते. हा फरक किरकोळ नाही. आणि बदलापूर वाढलं ते चाकरमान्यांवर, म्हणजे सगळी गर्दी शेवटी प्लॅटफॉर्मवरच येते.

तर गाडी. माझा निर्णय इथेच झाला.

कल्याणला लाइन फुटते. त्यापुढे कर्जतकडे अप आणि डाऊन असे दोनच रूळ आहेत. लोकल, पुण्याच्या गाड्या, मालगाडी, सगळं त्या दोन रुळांवर. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, पण आजचं घर आजच्या टाइमटेबलवर घ्यावं लागतं. आता संध्याकाळी सीएसएमटीला किंवा दादरला इंडिकेटरखाली उभे राहा. ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘एस’ कर्जत, ‘केपी’ खोपोली. अंबरनाथच्या माणसाला या चारही गाड्या चालतात. बदलापूरच्या माणसाला तीनच. समोर आलेली, त्यातल्या त्यात बरी गाडी ‘ए’ असली तर ती सोडायची, किंवा तिने अंबरनाथला जाऊन मागच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं. ती मागची गाडी आधीच ठासून भरलेली. गर्दीच्या वेळात हे कसंबसं निभतं. रात्री साडेनऊनंतर मात्र एक ‘बीएल’ चुकली की वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहून जास्त जातात. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण महिन्याचे पाच-सहा तास यात जातात असं मला खात्रीने वाटतं. कागदावर दोन गावांत आठ-दहा मिनिटांचा फरक दिसतो. प्रत्यक्षात तो गाडी कुठली आली यावर ठरतो, आणि ते आपल्या हातात नसतं.

सकाळी नेमकं उलटं. बदलापूर लोकल बदलापुरातून सुटते, तिथल्या माणसाला बसायला मिळतं. अंबरनाथला ती येते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नसते, बसायचं तर अंबरनाथहून सुटणारीच गाडी धरावी लागते. काही जण डाऊन गाडीने बदलापूरला जातात आणि तीच गाडी अप होते तेव्हा त्यात बसून येतात. बदलापूरकरांना याचा राग येतो, आणि तो बरोबरच आहे. हा मार्ग पत्करणार असाल तर पास बदलापूरपासूनचा काढा. अंबरनाथच्या पासावर उलटं बसून आलात आणि तिकीट तपासनिसाने पकडलं तर दंड ठरलेला.

पावसाळ्यात फरक आणखी वाढतो. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो, पण या लाइनसाठी २७ जुलै २०१९ ची सकाळ जास्त बोलकी आहे. त्या दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. असं पाणी चढलं की लोकल बऱ्याचदा अंबरनाथपर्यंतच सोडतात. मग बदलापूरकर स्टेशनबाहेर रिक्षा शोधतो, आणि त्या रात्रीचं भाडं रिक्षावाला सांगेल ते. अंबरनाथकर तोपर्यंत छत्री झटकून जिना चढत असतो.

नोकरी ठरलेल्या वेळेची असेल, सकाळी लवकर निघून सहाच्या आत परतीची गाडी मिळत असेल, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. उलट सकाळची बसायची जागा आणि नवं घर यांसाठी बदलापूर, कात्रप किंवा कुळगाव, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत घ्यावं. त्यापेक्षा लांब नको, आणि पश्चिमेला राहून पूर्वेच्या शाळेत मुलं घालणंही नको. बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी साचलं की सगळी वाहनं एका उड्डाणपुलावर येतात. परतायची वेळ ज्याची ठरलेली नाही, त्याने मात्र अंबरनाथ पूर्वेला कानसई सेक्शन किंवा शिवाजी चौकाच्या आसपास, जुनं का होईना, कागद तपासून घ्यावं, असं मला वाटतं.

दोन्हींच्या मधोमध चिखलोली स्टेशन होणार आहे आणि त्या नावावर आसपासचे फ्लॅट आत्ताच विकले जातायत. स्टेशन होईल तेव्हा तिथे राहणाऱ्यालाही ‘ए’ची गाडी उपयोगाची नाही, कारण ती अंबरनाथलाच संपते. तोवर रिक्षाने अंबरनाथ गाठायचं की बदलापूर, हे त्याला रोज सकाळी नव्याने ठरवावं लागेल.