खारघरचा माथा आणि येऊरचं रान

नवी मुंबईतला खारघरचा डोंगर आणि ठाण्याजवळचं येऊरचं जंगल: खडक दोन्हीकडे एकच, काळा बेसॉल्ट. पाऊसही जवळपास सारखाच, वर्षाला साधारण 2,500 मिलिमीटर. तरी खारघरच्या उघड्या माथ्यावर गवत, आणि येऊरच्या उतारावर साग, ऐन, कळंब. फरक मातीच्या जाडीचा. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी मुरमाचा वीतभर थर, पाणी लगेच निसटतं. गवताची उथळ, तंतुमय मुळं पावसाळ्यातच सगळं उरकून घेतात. दिवाळीनंतर माथा पिवळा. येऊरला पालापाचोळा कुजून माती भुसभुशीत झालीय, ओल खोलवर मुरते, म्हणून मोठी झाडं उन्हाळाही काढतात. चाऱ्यासाठी मला माथाच सरस वाटतो. तिथे खड्डे खणून झाडं लावायची घाई करू नका! वणवा मात्र दोन्हीकडे घातक: माती उघडी पडते आणि पहिल्याच सरींत वाहून जाते.