वाटाणा पास, वालानं रडवलं : बेळगावातल्या एका बियाण्याच्या दुकानाबद्दल

दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रारही आहे. बेळगावच्या बाजारात गेली सहा वर्षं मी एकाच ठिकाणी बी घेते. पाकिटंही मिळतात, पण मी जाते ती सुट्ट्या गावठी बियांसाठी. पावटा, चवळी, हुलगे, मसूर, काळा घेवडा, सगळं उघड्या पोत्यांत. हात घालून बघू देतात, हे मोठं.

आधी तक्रार. गेल्या मेमध्ये मी ठेंगणा वाल मागितला. अर्का जय नाहीतर अर्का विजय. बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या फलोत्पादन संस्थेनं काढलेल्या या जाती झुडपासारख्या वाढतात आणि दिवस लहान-मोठा असला तरी शेंग धरतात. गल्ल्यावरच्या पोरानं फोनवर बोलतबोलत कागदात बी बांधून दिलं. जूनला लावलं. ऑगस्टपर्यंत वेल आमच्या कपड्यांच्या तारेवरनं शेजारच्या पत्र्यावर गेला. पानं तळहाताएवढी, फूल एक नाही. गौरीच्या जेवणाला घरच्या शेंगांची भाजी करते म्हणून मी जाऊबाईंना सांगून बसले होते!

पुडीतलं उरलेलं बी घेऊन तरातरा दुकानात गेले. म्हाताऱ्या मालकांनी एक दाणा चष्म्याजवळ धरला. "वैनी, हे गावठी हाय. दिवस लहान झाल्याबिगर फुलत न्हाई. बी चांगलं हाय, खरं तुमास्नी पायजे ते न्हवं. दिवाळीपतोर थांबा." पैसे परत नाहीत. पोराला मात्र माझ्यासमोरच झापलं आणि मूठभर वाटाण्याचं बी माझ्या पिशवीत टाकलं.

दिवाळीनंतर खरंच जांभळा तुरा आला. डिसेंबरात शेंगा तोडताना बोटांना तो चिकट, उग्र वास लागला. ठेंगण्या जातीच्या शेंगांना तो मी कधी एवढा अनुभवला नाही. ओल्या दाण्यांची उसळ केली : भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण, ब्याडगीची पूड, शेवटी गुळाचा खडा. दाणे बोअरच्या पाण्यात शिजवू नका. जड पाण्यात कडधान्य आडमुठं होतं, तीन शिट्ट्यांचं काम सहावर जातं. मी नळाचं पाणी भरून ठेवते.

वाटाणा फुकटात मिळाला तरी गुण देते. सुरकुतलेलं बी होतं, अर्केल जातीचं. सुरकुतलेला दाणा गोड, ओला खायचा. गुळगुळीत गोल दाणा पिठूळ, वाळवून उसळीला. दुकानात बी हातावर घेऊन एवढं बघितलंत तरी पुरे. वीस पेरले, अकरा उगवले. दोष निम्मा माझा, कारण रात्रभर भिजत घातले होते आणि सुरकुतलेलं बी तसं पटकन कुजतं. दोन महिन्यांत शेंगा आल्या. त्या पोह्यांपर्यंत पोचल्याच नाहीत, नातवंडांनी वेलावरच संपवल्या.

मसूर घ्यायचा तर इथलाच मागा. येळ्ळूर, वडगावच्या शिवारात भात कापल्यावर काळ्या जमिनीतल्या उरल्या ओलीवर पेरतात, तो. दाणा बारीक, सालासकट शिजवला तरी रस्सा दाट होतो.

पाकिटातलं गुलाबी पूड लावलेलं बी उरलं तर आमटीत ढकलू नका, ती पूड म्हणजे बियाण्याला लावलेलं विषारी औषध असतं. मागची तारीखही वाचा. मला एकदा मुदत संपलेलं पाकीट मिळालंय. बदलून दिलं, पण न कुरकुरता नाही.

पोरगा आता प्रत्येक पुडीवर नाव लिहून देतो. परवा श्रावण घेवडा मागितला, घरी येऊन बघते तर पुडीवर कन्नडमध्ये 'अवरे'. म्हणजे पुन्हा वाल. तार आधीच सोडून ठेवलीय.